सासूच्या नावावरच्या ओव्या

माझी मावशी पुतळाबाई एकोणसत्तर साली वारली, तेव्हा करंजाड्यातल्या बायका म्हणाल्या, ‘सोन्यासारखी बाई गेली.’ मेल्यावर सगळीच माणसं सोन्याची होतात, पितळ कोणी राहतच नाही. मी त्या बाईच्या ताटात जेवून मोठी झाले. तिने मला न्हाऊ घातलं, माझ्या उवा काढल्या, तापात माझ्या उशाशी बसली. आणि तरी सांगते, मी तिच्यावर जेवढा दावा धरला तेवढा जन्मात दुसऱ्या कोणावर धरला नाही. तिची गोष्ट दुसरं कोणी सांगायला बसलं तर निम्मी लपवील. म्हणून मीच सांगते.

मावशी धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांत भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यांनीच लग्न लागतं. देवांना बोलावणं, मेलेल्या वाडवडिलांना बोलावणं, हळद, सगळं तिच्या तोंडून. ती गप्प बसली तर नवरा-नवरी तशीच ताटकळत उभी. करंजाडे आणि आसपासच्या पाच गावांत मावशीच्या आवाजाशिवाय लग्न लागत नसे. अक्षरशत्रू बाई, पण शेकड्यांनी गाणी तोंडपाठ. तोरा एवढा, की गावचा पाटीलसुद्धा तिला ‘अहो पुतळाबाई’ म्हणायचा.

सगुणा ही तिची धाकटी बहीण, माझी आई. त्यांचे आई-बाप लवकर गेलेले, त्यामुळे सगुणाला माहेर म्हणजे मावशीचं घर. तिला दिली होती तिथून एका कोसावरच्या खाडीकाठच्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. माझा बाप दादू मिठागरात कामाला होता. घरात तो, त्याचा धाकटा भाऊ गोवर्धन आणि त्यांची आई धोंडूबाई, म्हणजे माझी आजी. बावन्न सालच्या वैशाखात माझी आई खाडीच्या बांधावरून पाण्यात गेली. सासरचे म्हणाले, पाय घसरला. मी सहा वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की मावशी आली, आईचं तोंड बघितलं, रडली नाही. मला उचलून कमरेवर घेतलं आणि आजीसमोर उभी राहून म्हणाली, “पोर माझी. आनि धोंडे, तुला मी बघून घेईन.”

बाराखडीच्या आधी मला आजीचा राग शिकवला मावशीने. भाकरी करपली की म्हणायची, ‘जळू दे, धोंडीचं काळीज जळू दे.’ माझं डोकं दुखलं तरी त्याचं बिल आजीच्या नावावर. शेजारणी हसायच्या, ‘पुतळाबाय, तुमच्याकडं पाऊस नाय पडला तरी धोंडूबायच कारन.’ मावशी हसायची नाही. मी आजीला पनवेलच्या बाजारात दोनदा लांबून पाहिलं, आणि दोन्ही वेळा थुंकले. ती नुसती बघत राहिली. मला तेव्हा वाटलं, बघा कशी निर्लज्ज!

एकोणसाठ साली वामन मास्तर आले. पनवेलच्या शाळेत शिकवायचे, उंच, किडकिडीत, धोतराचा सोगा चिखलात भरलेला. ओटीवर बसले आणि म्हणाले, “पुतळाबाई, पूर्वीच्या माणसांच्या मनात काय होतं, याचा मी शोध घेतोय.”

“मेलेल्यांच्या मनातलं? मग भगताकडं जा की मास्तर. तो अंगात आनून सांगतो, वर कोंबडापन खातो.”

मास्तर हसले. तो माणूस हसायला लाजत नसे, हे त्याचं चांगलं होतं. ते म्हणाले, “राजे-सरदार पत्रं लिहून गेले, त्यांची मनं कळतात. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांची मनं कुठे शोधायची? ती गाण्यांत आहेत. लग्नात तुम्ही बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिता, त्यांत आहेत. मला ते सगळं उतरवून घ्यायचंय.”

मावशी म्हणाली, धवले काय असेच म्हणायचे? मांडव नाही, नवरा नाही, नवरी नाही, आणि तोंड उघडलं तर गावात अवदसा यायची. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मग मावशीलाच दया आली असेल. तिने मास्तरांना दोन नारळ आणायला लावले, एकाला हळद लावली, एकाला बाशिंग बांधलं, आणि आमच्या अंगणात तीन दिवस नारळांचं लग्न चाललं. मास्तर नवरदेवाचे मामा! अक्षता टाकायच्या आणि वहीत लिहायचं. गावातल्या बायका कामं टाकून बघायला आल्या आणि नारळीणबाई सासरी निघाली तेव्हा दोघी-तिघी खरंच रडल्या. मीही लिहून घ्यायला बसले होते. सातवीत होते, अक्षर बरं होतं.

मास्तर मावशीला समजावून सांगायचे, तिच्याकडून शिकायचेही. एक गोष्ट त्यांनी पुनःपुन्हा सांगितली. “गाण्यात माणूस जे बोलतं ते सगळंच त्याच्या मनातलं नसतं, पुतळाबाई. बरंचसं नुसतं वळण असतं, आईने म्हटलं म्हणून लेकीने म्हटलं. तुम्ही जवळा निवडता ना, कचरा बाजूला काढून? तसं जे सगळ्याच बायका म्हणतात ते आधी बाजूला काढायचं. उरेल ते तिचं स्वतःचं. आणि जिथे ती गप्प बसते, तिथे आपण थांबून बघायचं.”

मावशीने सुपारी कातरता कातरता विचारलं, “येका बाईचं मन काढता येतं का असं? मेलेल्या?”

“तिची गाणी असली तर.”

मावशी त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी मला म्हणाली, “दमे, नवी वही आन. तुझ्या आईनं जात्यावर काय म्हनलं ते आपन काढायचं. तिच्या तोंडानं धोंडीला पकडायचं.”

मला आईचा चेहरासुद्धा धड आठवत नव्हता, आणि तिच्या ओव्या मिळणार होत्या! दळताना बायका आपापल्या जिवाचं जोडून म्हणतात, आणि चांगली ओवी शेजारणींच्या तोंडात राहते. आईच्या घराला भिंत लागून भागीरथीचं घर होतं. ती बाजारात भाजी घेऊन बसायची. मावशी तिच्यापाशी जाऊन बसू लागली. आधी इकडचं तिकडचं, मग हळूच, ‘आमची सगुना काय म्हनायची गं?’ दुसऱ्या गावात लग्न लावायला गेली की तिकडे दिलेल्या, आईच्या सासरगावच्या लेकी शोधायची. दीड वर्षात चौदा ओव्या जमल्या. मी एकेक वहीत सुबक अक्षरात लिहिली. एक अशी होती:

सासूचं बोलनं, मिरचीचा ठेचा
पदरानं पुसू किती, पूर डोळ्यांचा

आणि ही, जी लिहिताना माझा टाक कागदात रुतला:

सासूच्या हाताची, पाठी पाच बोटं
सांगू कुना बाई, जनाला वाटं खोटं

आणि आणखी एक:

सासू येते घरी, मिठागर सुटल्यावर
जीव माझा जातो, पाऊल वाजल्यावर

वही घेऊन आम्ही दोघी पनवेलला मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळ्या ओव्या दोनदा वाचल्या. मग म्हणाले, “यातल्या बारा मला कुठल्याही गावात मिळतील. सासूला शिव्या नाहीत असं जातं या मुलखात नाही. त्या बाजूला काढा. राहतात पाच बोटांची आणि मिठागराची, या दोन. धोंडूबाई मिठागरात कामाला जात होत्या का?”

“ती कशाला जाईल? दोन-दोन लेक व्हते कमवायला.”

“मग मिठागर सुटल्यावर घरी कोण येत होतं?”

मावशीने वही त्यांच्या हातातून ओढून घेतली. “मास्तर, तुमी बामनाचे. तुमाला आमच्या सासवा काय ठाव! मारायला हात लागतो, मिठागर नाय लागत.”

मास्तर शांतपणे म्हणाले, “रागावू नका. आणखी एक नवल वाटतं. चौदा ओव्या, आणि एकीतही माहेर नाही. माहेराचं नाव न घेणारी दळणारीण मी अजून पाहिलेली नाही.”

“आई-बाप नव्हते तिला,” मावशी म्हणाली, आणि चपला शोधू लागली. मी पंधरा वर्षांची घोडी, मला एवढंसुद्धा डोकं नव्हतं. उलट घरी येताना मी म्हटलं, ‘मास्तर शिकून वेडा झालाय.’ मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बासष्ट सालच्या माघात गोवर्धनचं, म्हणजे माझ्या काकाचं लग्न ठरलं. त्यांच्या गावची धवलारीण आदल्या वर्षी गेली होती. दुसरीकडून कोणी मिळाली असती, पण आजी धोंडूबाई स्वतः आमच्या दारात आली. हातात कुंकवाचा करंडा. अंगणातच उभी राहून म्हणाली, “पुतळे, दहा वर्सं झाली. लगीन तूच लाव. पोरीलापन घेऊन ये, तिचंच घर हाय.”

मला वाटलं मावशी झाडूच घेणार. पण ती गोड हसली. पाट दिला, पाणी दिलं, कुंकू लावून घेतलं. आजी गेल्यावर दार लोटलं आणि माझे दोन्ही खांदे धरून म्हणाली, “आली गं आली! आपल्या पायानं आली!” त्या दिवसापासून लग्नापर्यंत ती गुणगुणत होती. नवे धवले जुळवत होती. मी ऐकायची आणि माझ्या पोटात आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. खोटं का बोलू? सण असल्यासारखं वाटत होतं.

आमच्यात तेव्हा बरीच लग्नं नवऱ्याच्या दारी लागत. नवरीकडची माणसं काशीला, म्हणजे नवरीला घेऊन आली होती, चांगली शे-सव्वाशे. मांडव हिरवागार. माझा बाप दादू खांबाला टेकून विडी ओढत बसला होता, त्याने मला ओळखलं पण बोलला नाही. आजी नवं लुगडं नेसून नवरीच्या मागे उभी होती. मावशीने देव बोलावले, पूर्वज बोलावले, सगळं रीतीप्रमाणे. हळदीचं ताट वर आलं. आणि मग तिने तो आवाज काढला, जो ऐकून रडणारी पोरं गप्प व्हायची.

मांडव घातला गं, हिरव्या पानांचा
जबाब कोन देईल, सगुनाच्या प्रानांचा

बायकांच्या हातातली कामं थांबली. मावशी नवरीच्या बापाकडे वळली.

ज्या घरी सुनेला, पाठी पाच बोटं
त्या घरी लेक देता, काळीज बापा मोठं

मग आईच्या ओव्या. एकेक, आईचं नाव घेऊन, आजीकडे बोट करून. चौदाच्या चौदा. धवलारणीला मध्येच कोणी थांबवत नाही. लग्नातलं तिचं गाणं तोडलं तर वंशाला लागतं म्हणतात. तेवढ्या एका भीतीने सव्वाशे माणसं बसून राहिली. मी आजीचं तोंड बघत होते. मला ते पांढरं पडलेलं बघायचं होतं, आणि पडलं. आजी एकदा माझ्या बापाकडे वळली. तिचे ओठ हलले. पण ती काही बोलली नाही. नवरीचा बाप उठला, काशीच्या मुंडावळ्या सोडल्या, तिचा हात धरला आणि चालू लागला. त्याच्या मागे सगळं वऱ्हाड. भाताची पातेली तशीच राहिली. गोवर्धन बाशिंग बांधून पाटावर बसलेला, बिचारा एकेकाला ‘थांबा, थांबा’ म्हणत होता. आम्ही मावशी-भाची छाती काढून घरी आलो आणि शेवया करून खाल्ल्या.

त्या घराचं वाटोळं झालं. गोवर्धनला मग कोणी मुलगी देईना. तो उरणकडे निघून गेला. आजीला गावात ‘सूनखाऊ’ म्हणू लागले. पाणवठ्यावर ती आली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. बातम्या आमच्याकडे यायच्या आणि मावशी त्या चवीने ऐकायची.

चार महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, आजी पुन्हा आमच्या अंगणात उभी राहिली. एवढी वाळलेली, की मी आधी ओळखलंच नाही. मावशी ओरडली, “काय मागायला आलीस गं थेरडे?”

“तुझ्याकडं नाय आले,” आजी म्हणाली. “दमयंतीकडं आलेय. बाय, तुझी ती वही आन. दोन ओव्या राहिल्यात त्यात.”

मी वही आणली. का आणली, माहीत नाही. त्या आवाजात भांडण नव्हतं म्हणून असेल. आजी ओटीच्या कडेला बसली, आणि माझ्याकडेच बघून बोलली.

“तुझी आय आनि मी येकाच जात्यावर बसायचो. खुंट्याला दोघींचे हात. तिची येकेक ओवी आधी मी ऐकलीय. तुझा बाप मिठागर सुटला की पिऊन यायचा आनि तिला मारायचा. मधी पडले तर मनापन लोटायचा. सगुना गायला तोंड उघडायची आनि गप बसायची. कपाळाला कुकू हाय, नवऱ्याला ओवीत शिवी घालायची कशी? मी म्हनलं, घाल माझ्या नावावर. सासूला शिव्या पडायच्याच, मीपन माझ्या सासूला घातल्यात. म्हनून ती सासू म्हनायची, बाय. सासू म्हनायची आनि माझ्याकडं बघायची. कवा कवा आमी दोघी हसायचोपन.”

मिठागर सुटल्यावर घरी कोण येत होतं, ते मास्तरांनी सरळ विचारलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आम्ही मास्तरांचं सूप उलटं धरलं होतं. निवडून फेकायचं तेच जपून ठेवलं, आणि त्याने एका म्हातारीला ठेचलं.

“मग मांडवात का बोलली नाहीस?” मी ओरडले.

“काय बोलू? भर मांडवात पोटच्या पोराचं नाव घेऊ? आनि तिला शब्द दिलावता. माझ्या नावावर म्हनलं ना, मग माझ्या नावावर.” आजीने पदराने तोंड पुसलं. “आता लिही. ह्या तिच्या शेवटच्या दोन दिसांतल्या. वैशाखात त्यानं तिला लाकडानं मारली. मीच म्हनलं, बहिनीकडं जा, पाऊस पडंपर्यंत तिथं ऱ्हा, पोरीला मी बघते. सकाळी गेली. तिसऱ्या प्रहराला परत आली. मी काय इचारलं नाय. दुसऱ्या दिशी दळायला बसलो, तवा म्हनाली.”

आणि आजीने म्हटलं, सूर न लावता, नुसतं बोलल्यासारखं:

माहेराच्या वाटं, गेले मी उन्हात
बहिनीनं घातली, कडी गं दारात

थोरली माझी बाय, लगनं लावी गावाची
तिच्या मांडवात जागा, नाय माझ्या नावाची

“तिसऱ्या दिशी बांधावर गेली. पाय घसरला का सोडला, ते मना ठाव नाय. खोटं बोलनार नाय.” आजी उठली, आणि पाणीही न घेता गेली.

मी मावशीकडे बघितलं. ती म्हणेल, खोटं आहे, थेरडी रचून आली, म्हणून मी वाट बघत होते. तिने म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, एवढी मी तिची होते. ती ओटीवर बसली आणि म्हणाली, “माझा पहिलाच हंगाम व्हता, दमे. नवी धवलारीन. नवरा सोडून आलेली बहीन घरात, आनि मी लोकांची लगनं लावायची? लोक म्हनले असते, हिच्या हाताला गुन नाय. मी तिला म्हनलं, येक हंगाम कळ काढ. येकच हंगाम.”

“आणि कडी?”

“ती दारातनं हलेना.”

“हे तुला माहीत होतं! आणि तू आजीला—”

“मना कोनावर तरी घालायचं व्हतं गं,” मावशी म्हणाली, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा रडली.

मी तिचे डोळे पुसले नाहीत. त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलले. बापाला मी एकदा बाजारात गाठून सगळ्यांसमोर ‘बायकोमाऱ्या’ म्हणाले; तो पासष्टमध्ये गेला तेव्हा त्याच्या मातीला गेले नाही. पण बापाचा राग सोपा होता. तो मुळात वाईटच होता. मावशीने मला दूध पाजता पाजता फसवलं होतं. आईचं मन शोधायला ती वही घेऊन गावोगाव फिरली, आणि आईच्या मनात शेवटी काय होतं ते तिला एकटीलाच आधीपासून माहीत होतं. ते कोणाच्या तोंडी राहिलं नाही ना, एवढंच ती बघत फिरत नसेल कशावरून? हे मी तिला विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटली.

चौसष्टमध्ये माझं लग्न कळंबोलीच्या कमळाकरशी ठरलं. हळद दळायला घेतली तेव्हा मावशी दबकत म्हणाली, “धवले मीच म्हनेन ना?”

“नाही. उरणहून शेवंताबाई येणार आहेत. मी सांगावा धाडलाय.”

तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. मी मात्र डोळे भरून बघितला. स्वतः वाढवलेल्या पोरीच्या लग्नात धवलारीण बाहेरची! मांडवात ती मागे बायकांत बसली, आणि शेवंताबाईंच्या बरोबर तिचे ओठ हलत होते, आवाज न करता. कुजबुज झाली. कोणी विचारलं तर मी उत्तर देत नव्हते, त्यामुळे लोकांनी आपापली उत्तरं काढली. पुढच्या हंगामात तिला दोन बोलावणी आली, त्याच्या पुढच्यात एकही नाही. ज्या धवलारीणपणासाठी तिने बहीण उन्हात परत पाठवली, ते मी तिच्या हातून असं काढून घेतलं. सासरी निघताना तिने माझा हात धरला. “काय झालं तर निघून ये, दमे. कवापन ये.” मी हात सोडवून घेतला.

आणि झालं. सदुसष्टच्या श्रावणात कमळाकर पिऊन आला आणि त्याने माझ्या तोंडावर मारलं. एकदाच. पण एकदा मला पुरे होतं. सकाळी मी सहा महिन्यांच्या पोरीला काखोटीला मारलं आणि आजीकडे निघाले. कळंबोलीहून आजीच्या गावाला बांधाबांधाने जवळची वाट होती. मी लांबची धरली, करंजाड्यातून. मुद्दाम. मावशी अंगणात सुकट निवडत होती. मला बघून उठली, सूप तिथेच सांडलं. “दमे! ये, ये घरात.” मी थांबले. फुटलेला ओठ तिने नीट बघावा एवढा वेळ थांबले. मग पोरीला या काखेतून त्या काखेत घेतलं आणि पुढे चालू लागले. ती वेशीपर्यंत मागे आली. “माझ्यावर राग काढ, पन पोरीला तरी दूध पाजून जा,” म्हणत होती. बरं वाटलं का? वाटलं. फार बरं वाटलं.

आजीने काही विचारलं नाही. चूल पेटवली, भात टाकला.

दुसऱ्या दिवशी मावशी तिथे आली. पाच वर्षांपूर्वी जिथे मांडव होता त्या अंगणाच्या बाहेर, कुंपणापाशी उभी राहिली. पाऊस भुरभुरत होता. आजी म्हणाली, “तिला आत घे गं, भिजते ती.” मी म्हटलं, “भिजू दे.”

आजीने माझ्याकडे बघितलं. सूनखाऊ म्हणून जिला सगळ्या गावाने वाळीत टाकलं, जिचा एक मुलगा त्या बाईमुळे परागंदा झाला, ती म्हातारी गुडघ्यांवर हात टेकून उठली, डोक्यावर पोतं घेतलं, आणि पुतळाबाईला हाताला धरून ओटीवर घेऊन आली. पुसायला स्वतःचं लुगडं दिलं. चहा दिला. दोघी म्हाताऱ्या बाहेर बसल्या. सगुणा लहानपणी कशी होती ते मावशी सांगू लागली आणि आजी ‘हो का?’, ‘हो का?’ करत ऐकू लागली. माझ्या आईबद्दलच्या त्या गोष्टी मी कधीच ऐकल्या नव्हत्या. दाराआडून मला एकेक शब्द ऐकू येत होता. आजीने दोनदा हाक मारली. मी पोरीला मांडीवर घेऊन आतच बसले, आणि मावशी उठून जाईपर्यंत बाहेर आले नाही.